तीन महिने आणि लंडनचा दाखला

शाळेच्या ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. एका मैत्रिणीच्या भावजयीनं दिवस गेल्याचं सहाव्या आठवड्यातच ऑफिसात सांगून टाकलं, सासूबाईंना ते बाहेरून कळलं आणि त्या म्हणाल्या, "तीन महिने तरी दम धरायचा होतास." झालं! अर्धं कोथरूड आणि अर्धं सहकारनगर रात्री बारापर्यंत भांडत होतं. एकीकडून अंधश्रद्धा, बुरसटलेपणा. दुसरीकडून दृष्ट, आणि "आपले पूर्वज काही खुळे नव्हते". मग ते हमखास येणारं वाक्य आलंच: "परदेशात बघा, सगळं कसं मोकळेपणानं असतं." खाली मला टॅग केलेलं. मी लंडनला राहते, म्हणून साक्षीदार.

तिथे मी गप्प बसले. इथे बोलते.

मोकळेपणा कसला डोंबलाचा! माझ्या ऑफिसात बाराव्या आठवड्याचा स्कॅन होईपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पबमध्ये एखादी लाइम-सोडा घेऊन बसली की "अँटिबायोटिक्स चालू आहेत" म्हणते, आणि बाकीच्या बायका काय ते ओळखून विषय बदलतात. (मी मुळातच पीत नाही, त्यामुळे माझा कुणाला संशय आलेला नाही. कर्मठ घरात वाढल्याचा एवढा एक फायदा.) स्कॅन झाला की काळापांढरा फोटो, मिठ्या, केक. तुमच्याकडे सासूबाई थांबायला सांगतात, इथे स्कॅन. मुदत तीच.

आणि भीतीही तीच. दिवस गेल्याचं कळल्यानंतर साधारण आठातल्या एकीचा गर्भ टिकत नाही, आणि त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच जातात. जवळपास निम्म्या वेळा गुणसूत्रांतच गडबड असते. पपई खाल्ली, जिने चढली, कुणाची नजर लागली, याचा काडीचा संबंध नसतो. हे सगळं शास्त्र माझ्या ऑफिसातल्या बायकांना पाठ आहे, आणि तरी त्या गप्प बसतात. तेव्हा पुण्यातल्या सासवांना बुरसटलेल्या ठरवायला लंडनचा दाखला कृपा करून देऊ नका.

मला हे इतक्या तपशिलात माहीत आहे, कारण मीही सध्या त्याच बारा आठवड्यांत आहे. नववा चालू आहे.

टीएफएल, म्हणजे लंडनच्या बस-ट्रेन चालवणारी संस्था, गरोदर बायकांना फुकट पाठवते तो 'बेबी ऑन बोर्ड'चा पांढरा बिल्ला मी हॅरोला, आमच्या उपनगरात, गाडीत चढताना लावते. मळमळीचा जोर सकाळी सर्वांत जास्त असतो आणि मेट्रोपॉलिटन लाइनवर वेंब्लीनंतर उभं राहायलाही जागा नसते. पोट अजून सपाट आहे, त्यामुळे लोक आधी बिल्ला बघतात, मग पोट बघतात, मग ओशाळून उठतात. फिंचली रोडला दारं उघडली की जरा गार हवा आत येते. तेवढ्यावर पुढची स्टेशनं निघतात. फॅरिंग्डनला उतरले की गेटच्या आधी एका खांबाआड थांबून बिल्ला काढते आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकते, कारण तिथून पुढे ऑफिसातलं कुणीही भेटू शकतं. स्कार्फवर पिनेची दोन भोकं राहतात, ती घडीत दडवते. म्हणजे डब्यातल्या अनोळखी माणसांना ठाऊक आहे, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला नाही.

पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये असला बिल्ला लागत नाही. चेहरा बघूनच एखादी मावशी "बस गं" म्हणते. (किंवा म्हणत नाही. मला म्हणणारीच आठवते.)

आता इथलं काय बरं आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल, एवढी कटकट आहे तर परत ये. बुकिंगच्या, म्हणजे गरोदरपणाची नोंद करायच्या अपॉइंटमेंटला मिडवाइफनं (इथली प्रशिक्षित सुईण) नवऱ्याला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. तो गेल्यावर तिनं दार लावलं आणि विचारलं, घरात सुरक्षित वाटतं ना? कुणी मारतं, धमकावतं का? सगळ्यांनाच विचारतात. त्याआधी थॅलेसिमियाच्या (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीसाठी दोन्हीकडची घराणी मूळची कुठली ते लिहून घेतलं, आणि तुमचं नवऱ्याशी रक्ताचं नातं आहे का, असंही विचारलं. आमच्या लग्नात मामांनी गोत्रावरून घातलेला घोळ आठवून मला हसू आलं. तिला वाटलं मी घाबरले.

माझ्या आत्तेबहिणीच्या वेळी पुण्यात डॉक्टरांच्या केबिनमध्ये ती, नवरा आणि सासूबाई असे तिघं बसले होते आणि प्रश्नांची उत्तरं सासूबाई देत होत्या. हा फरक मला मोठा वाटतो, आणि ग्रुपवर तो कुणी काढला नाही.

पण या आत्तेबहिणीची सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली होती. आधी फॉर्म भरला, भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी होतीच, आणि पडद्यावर एक ठिपका लुकलुकताना तिनं बघितला. मला रक्तस्राव किंवा दुखणं नसेल तर बाराव्या आठवड्यापर्यंत कुणी काही दाखवणार नाही. डॉक्टर तर अजून भेटलेलाच नाही. फॉलिक ॲसिड घ्या, व्हिटॅमिन डी घ्या, जमेल तसं खा. ती गोळ्यांची पिशवी भरून घरी आली तेव्हा मी फोनवर तिला ऐकवलं होतं, आमच्याकडे उगाच औषधांचा मारा करत नाहीत. तत्त्व म्हणून मला ते अजूनही पटतं. पण रात्री तीनला जाग येते आणि आज मळमळ जरा कमी वाटते म्हणून छातीत धस्स होतं, तेव्हा तत्त्व घेऊन काय करायचं? माझ्याकडे पुरावा म्हणून प्लास्टिकच्या काडीवरच्या दोन रेघा आहेत, बस.

आणखी एक गोष्ट, जी दोन्ही पक्षांनी सोडून दिली. भारतात १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासून गर्भपात झाल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळायची तरतूद आहे. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली तेव्हा पेढे वाटले गेले, या सहा आठवड्यांबद्दल मात्र कुणी बोललं नाही. इंग्लंडात चोविसाव्या आठवड्याआधी बाळ गेलं तर त्यासाठी हक्काची वेगळी पगारी रजा नाही, आजारपणाची टाका. म्हणजे या एका बाबतीत आपण साठ वर्षं पुढे आहोत. पण मागणार कोण? जी गोष्ट होती हेच कुणाला सांगितलं नव्हतं, ती गेल्याची रजा कुठल्या तोंडानं मागायची? म्हणून त्या भावजयीनं ऑफिसात सांगितलं ते मला शहाणपणाचं वाटतं. घरी आधी सांगितलं असतं तर आणखी बरं झालं असतं, पण तो तिचा प्रश्न.

जुन्या घरांत गुपित म्हणजे एकटीनं गिळायची गोष्ट नव्हती. आईनं सांगितलेलं आठवतं: नारायण पेठेतल्या वाड्यात चहा गाळताना तिला उमळून आलं, आजीनं न बोलता गाळणी हातातून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून फोडणीचं काम काकूकडे गेलं. तिसऱ्या महिन्यात माजघरात, पुरुषांना पत्ता लागू न देता, चोरओटी भरली. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हिरवा खण. जाहीर डोहाळजेवण पुढे सातव्यात. बाहेर चिडीचूप आणि आत चार बायकांना सगळं ठाऊक. त्याच घरात "पहिला मुलगाच" हेही ऐकवलं जायचं, ते मला माहीत आहे. मी त्या वाड्याची आरती ओवाळत नाहीये. पण गाळणी घेणारं कुणीतरी होतं.

माझ्याकडे नवरा आहे. तो हिंग-मोहरीची फोडणी खिडकी सताड उघडी टाकून, अंगात जॅकेट घालून करतो आणि मी बेडरूमचं दार लावून बसते. गुणी आहे. पण त्याला कळत नाही, मला सांगावं लागतं.

आईला अजून सांगितलेलं नाही. कारणं भरपूर तयार आहेत: ती काळजी करेल, तिचा व्हिसा लगेच होणार नाही, तळजाईच्या टेकडीवर सकाळी सोबत चालणाऱ्या मैत्रिणींना ती दुपारच्या आत सांगेल. खरं कारण असं की काही बरंवाईट झालं तर ती मला फोनच्या पडद्यावर रडताना दिसेल आणि मला ते बघवणार नाही. दृष्टीवर माझा विश्वास नाही. पण ग्रुपवर त्या रात्री "तीन महिने थांबावंच" म्हणणाऱ्या बायकांना मी मनातल्या मनात दुजोरा देत होते, आणि अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांच्या मेसेजना अंगठा. मी नक्की कुठल्या बाजूची, हे ना हॅरोत ठरतं ना सहकारनगरात.

आता हे लिहून बसले आहे म्हटल्यावर छापून यायच्या आत फोन करणं आलं. आई टेकडीवरून साडेसातला परत येते, म्हणजे मला रात्री दोनपर्यंत तरी जागायला हवं. नवऱ्याचं म्हणणं, नाशिकला त्याच्या आईलाही त्याच कॉलवर घेऊ. नाहीतर आधी कुणाला कळलं, यावरून बारशापर्यंत धुसफुस चालेल.