‘एज ३ म्हणजे डोकं काढून घेतलेली एज २’: हे जरा मुद्द्यामुद्द्याने बघू

एज ऑफ एम्पायर्स (थोडक्यात एज) हा कॉम्प्युटरवर गाव वसवून फौज लढवायचा गेम, आणि त्याच्या तिसऱ्या भागाचा विषय निघाला की कुणीतरी हे हमखास फेकतंच: “एज २ ला डोकं लागायचं, ३ मध्ये सगळ्यांच्या हातात बंदुका दिल्या नि पत्ते वाटले, म्हणून तो आपटला, म्हणून तो बनवणारी कंपनी बुडाली आणि म्हणून आज सगळे २ च खेळतात.” वर्षानुवर्षं हेच फिरतंय, ज्यांनी ३ जेमतेम दोन वेळा उघडला असेल तेही मान डोलावतात. आता मी स्वतः एज २ वालाच, दहातले आठ गेम आजही तिथेच होतात, त्यामुळे ३ चा भक्त वगैरे म्हणून मला हाकलू नका. पण ह्यातल्या बऱ्याच गोष्टी सरळ चुकीच्या आहेत, आणि ज्या बरोबर आहेत त्या भलत्याच कारणासाठी सांगितल्या जातात.

पहिला मुद्दा, इकॉनॉमी, म्हणजे लाकूड-अन्न-सोनं गोळा करणं, पोरखेळ झाली. म्हणजे काय तर २ मध्ये लाकूड तोडलं की लंबर कॅम्पला नेऊन टाकायचं, सोनं मायनिंग कॅम्पला, जंगल मागे सरकलं की नवीन कॅम्प, प्रत्येकाला १०० लाकूड. ३ मध्ये व्हिलेजर (काम करणारा गावकरी), म्हणजे तिकडचा सेटलर, जिथे उभा आहे तिथेच गोळा करतो, वाहून नेणं नाही, दगड हा रिसोर्सच नाही, फूड, लाकूड, कॉइन संपला विषय. ऐकायला सोपं वाटतं हे मान्य. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, की ड्रॉपऑफ, म्हणजे माल कॅम्पला नेऊन टाकणं, गेला तसा सेटलरला घराजवळ बांधून ठेवणारा दोरही गेला. शिकार संपली की तो पुढच्या कळपाकडे चालत जातो, मग त्याच्या पुढच्या, आणि पाच मिनिटांनी तुमची अर्धी इकॉनॉमी नकाशाच्या मधोमध उघड्यावर, समोरच्याचे चार हुसार (घोडेस्वार) आले की खेळ खल्लास. त्यात ३ मधली शिकार गोळी लागली की पळते, आणि मारणाऱ्यापासून लांब पळते, म्हणून जाणकार खेळाडू कळपाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन गोळी घालतो, म्हणजे कळप आपल्या टाउन सेंटरकडे (गावाच्या मुख्य इमारतीकडे) सरकतो. चुकीच्या बाजूने मारलं की तुम्हीच तुमचं जेवण शत्रूच्या अंगणात हाकलत नेता. २ मध्ये आपण रानडुक्कर अंगावर घेऊन टाउन सेंटरखाली आणतो, स्काउटने हरणं ढकलतो, त्याचं केवढं कौतुक होतं, मग इथे तेच डोकं वेगळ्या जागी लागतंय तर तो पोरखेळ कसा काय?

“मिल कधी संपतच नाही” हेही त्याच पोतडीतलं. २ मधलं शेत संपतं, पुन्हा ६० लाकूड घालून पेरावं लागतं, बरोबर. ३ मधली मिल, म्हणजे तिकडचं शेत, संपत नाही, पण ती ४०० लाकडाची, प्लँटेशन (तिथे कॉइन मिळतो) तर ८०० चं, एकेकात जास्तीत जास्त दहा सेटलर, आणि कामाचा वेग शिकारीपेक्षा नि खाणीपेक्षा कमी. म्हणजे सुरक्षित पण संथ. तिकडे कधी वळायचं हा निर्णय लवकर घेतलात तर लाकडाअभावी फौज उभी राहत नाही, उशिरा घेतलात तर सेटलर लांबवर मरतात. हा काय बिनडोक निर्णय झाला?

आणि देशादेशातला फरक तर ३ मध्येच जास्त आहे राव. २ मध्ये बहुतेक सगळ्यांचा टेक ट्री (काय काय बांधता-शिकता येतं त्याची यादी) एकच, त्यातून कुणाला हे नाही कुणाला ते नाही, वर बोनस आणि युनिक युनिट (फक्त त्याच देशाचा सैनिक). (हूणांना घरंच लागत नाहीत तेवढा एक मोठा अपवाद, त्यावर पिढ्या खूश आहेत.) ३ मध्ये ब्रिटिशांनी मॅनर हाऊस बांधलं की त्यातून सेटलर बाहेर येतो, डचांचा सेटलर फूडऐवजी कॉइनने येतो आणि ५० च्या वर नेता येत नाही पण त्यांच्याकडे बँका, ऑटोमनचे सेटलर फुकट आपोआप येतात पण त्यावर तुमचा ताबा कमी, पोर्तुगीजांना दर एजला (गेममधल्या प्रत्येक पुढच्या युगाला) नवीन टाउन सेंटरची गाडी. एका देशाने शिकलेली सुरुवात दुसऱ्याला जशीच्या तशी चालत नाही.

दुसरा मुद्दा कार्डांचा, म्हणजे मायदेशातल्या होमसिटीकडून माल-माणसं मागवायच्या पत्त्यांचा, आणि इथे मला खरंच हसू येतं, कारण “पत्त्यांचा खेळ, नशिबाचा खेळ” म्हणणाऱ्याने तो डेक (निवडलेल्या पत्त्यांचा संच) उघडून बघितलेलाच नसतो. कार्ड ‘ओढायची’ नसतात! डेक मॅचच्या आधी तुम्ही लावता, त्यातलं कुठलंही कार्ड, त्या एजमध्ये असाल तर, हवं तेव्हा पाठवता, नशीब शून्य. शिपमेंट, म्हणजे कार्ड पाठवायची संधी, मिळते एक्सपीवर (अनुभवाच्या गुणांवर), एक्सपी मिळतो बांधकामातून, मारामारीतून, ट्रेझर उचलून, ट्रेडिंग पोस्टमधून, आणि प्रत्येक पुढची शिपमेंट आधीच्यापेक्षा महाग. त्यामुळे पहिल्यांदा तीन सेटलर मागवले हे ठीक, पण दुसऱ्या एजला गेल्यावर ७०० लाकूड मागवायचं की सैनिक, ह्या एका निवडीवरून समोरच्याला कळतं की तुम्ही बूम करताय (आधी इकॉनॉमी वाढवताय) की हल्ला करायला दारात येताय. त्यात फक्त २५ कार्ड बसतात, म्हणजे आरमाराची घेतलीत तर तेवढी जमिनीवरची गेली. मला तर उलट वाटतं की एकदा डेक ठरला की माणूस त्याच्या चाकोरीतच खेळतो, लवचिकता कमी होते. टीका करायची तर ही करा ना, नशिबाची कसली करताय.

तिसरं, “सगळ्यांकडे बंदुका, मग काउंटर कुठे राहिले.” काउंटर म्हणजे कुठला सैनिक कुणाला भारी पडतो ते, आणि हे तर साफ उलटं आहे. मस्केटियर लांबून गोळ्या घालतो पण घोडेस्वार अंगावर आला की संगीन चालवतो आणि तिथेच तो खरा घातक. त्याला लांब पल्ल्याचा स्कर्मिशर झोडपतो. स्कर्मिशरला हुसार चिरडतो. हुसारला ड्रॅगून, म्हणजे घोड्यावरचा बंदूकवाला, लांबूनच लोळवतो. पायदळाचे गठ्ठे फाल्कोनेट तोफ उडवते, फाल्कोनेटला कल्व्हरिन तोफ गप्प करते. २ मध्ये पण भालाइत विरुद्ध घोडा, स्कर्मिशर विरुद्ध धनुर्धर हे आहेच, पण तिथे चाळीस नाइट (जड घोडेस्वार) जमले की अर्ध्या वेळा काउंटर-बिंटर विसरून नुसतं पुढे रेटलं तरी निभतं. ३ मध्ये चुकीची फौज घेऊन गेलात की एका मिनिटात पोपट होतो. (स्कर्मिशर हे नाव दोन्हीकडे आहे पण २ मध्ये तो भाले फेकतो आणि धनुर्धर मारतो, ३ मध्ये बंदूक घेऊन जड पायदळ मारतो. २ वरून ३ कडे आलेला प्रत्येक जण इथे एकदा तरी आपटतो, मी तर आठवडाभर आपटत होतो.)

इतिहास? इथे मी हात वर करतो. २ मधल्या मोहिमांत जोन ऑफ आर्क, सलादिन, बार्बारोसा, चंगीझ खान, शिकता शिकता विल्यम वॉलेस, आणि ३ मध्ये काय तर ब्लॅक नावाच्या काल्पनिक घराण्याच्या तीन पिढ्या नि तारुण्याचा झरा. कुणाला आवडलं असेल तर असो, मला नाही.

मग ते “आपटला आणि कंपनी बुडाली.” ३ आला ऑक्टोबर २००५ ला, २००७ पर्यंत २० लाखांच्या वर प्रती विकल्या गेल्या, २००६ ला वॉरचीफ्स आणि २००७ ला एशियन डायनॅस्टीज अशी दोन एक्सपान्शन (पुरवणी भाग) आली. आपटलेल्या गेमची कुणी दोन-दोन एक्सपान्शन काढत नाही. हा गेम बनवणारा एन्सेंबल स्टुडिओज मायक्रोसॉफ्टने बंद केला हे खरं, पण ते जाहीर झालं २००८ मध्ये, ३ येऊन जवळजवळ तीन वर्षं झाल्यावर, आणि स्टुडिओचा शेवटचा गेम होता हेलो वॉर्स. मधली तीन वर्षं गिळून टाकली की कुठल्याही गोष्टीचं खापर कुणावरही फोडता येतं.

आज २ चे खेळाडू कितीतरी जास्त, हेही खरंच. पण कारण बघा ना. २ ला २०१३ मध्ये एचडी आवृत्ती मिळाली, त्याच वर्षी चाहत्यांनीच बनवलेल्या मॉडमधून (गेममध्ये स्वतः केलेल्या बदलांतून) उभं राहिलेलं फरगॉटन हे एक्सपान्शन अधिकृत झालं, मग आफ्रिकन किंगडम्स, राइज ऑफ द राजाज, मग २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशन. ३ ला एशियन डायनॅस्टीजनंतर थेट २०२० च्या डेफिनिटिव्ह एडिशनपर्यंत नवीन असं काहीच नाही, तेरा वर्षं नुसती शांतता, आणि २०२५ च्या सुरुवातीला तर पुढचं एक्सपान्शनच रद्द केलं. एकाला सतत खतपाणी आणि दुसरा कोरडा ठेवायचा, वर म्हणायचं बघा ह्याला पान फुटत नाही.

बरं, ३ ला शिव्याच घालायच्यात तर खऱ्या जागी घाला, मीही येतो. मूळ गेममधली ती खालची पट्टी स्क्रीनचा एवढा मोठा तुकडा खायची की लढाई फटीतून बघितल्यासारखी वाटायची. पॉप, म्हणजे एकूण माणसांची मर्यादा, २०० च, पण घोडेस्वार दोन जागा खातो, फाल्कोनेट पाच, त्यामुळे २ मधली ती क्षितिजापर्यंत पसरलेली फौज इथे दिसतच नाही. आणि सगळ्यात वाईट होमसिटीची लेव्हल: कार्ड आधी खेळून खेळून अनलॉक करा, म्हणजे नवखा माणूस लेव्हल एक घेऊन बसलाय आणि समोरच्याची चाळीस, मॅच सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलेला. डेफिनिटिव्ह एडिशनने सगळी कार्ड पहिल्यापासून उघडी केली, पण पंधरा वर्षांनी, तोवर तो नवखा कधीच परत २ कडे गेला होता.