'मराठीसाठी डब्ल्यूप्रिंटएफ' म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

भाची लातूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दाजींची मोंढ्यात आडत, म्हणून पोरीनं सोयाबीन-तुरीचे भाव टर्मिनलवर मराठीत दाखवणारा सी भाषेतला छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. मग फोन आला : "मामा, वरची ओळ दिसायली, खालचे भाव कुठं गेले?" हे कुठून शिकलीस म्हटलं, तर ग्रुपवर फिरणारा तो मेसेज तिनं पुढे ढकलला. त्यातले नियम असे : कॅरमध्ये (एका बाइटच्या साध्या अक्षरात) मराठी बसत नाही, वाइड कॅरेक्टरच (जास्त बाइटचं रुंद अक्षर) लागतं, मराठी असेल त्या ओळीत प्रिंटएफ (पडद्यावर छापणारं फंक्शन) काढून डब्ल्यूप्रिंटएफ (त्याचा वाइड भाऊ) घाला, बाकी प्रोग्राम तसाच ठेवा, काही दिसलं नाही तर एफफ्लश (साठलेला मजकूर लगेच बाहेर ढकलणारं फंक्शन) मारा, लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) मराठीचंच हवं, वाइड केलं की रकाने आपोआप सरळ येतात.

यातला 'मराठीच्या ओळीत डब्ल्यूप्रिंटएफ, बाकी तसंच' हा नियम सगळ्यात घातक. सीमध्ये प्रत्येक स्ट्रीमला (मजकूर आत-बाहेर नेणाऱ्या वाटेला) एक वळण असतं, बाइटचं नाहीतर वाइडचं, आणि पहिलं जे फंक्शन त्यावर चालेल ते वळण ठरवतं. सी९९ च्या (सी भाषेच्या १९९९ च्या) स्टँडर्डमध्ये कलम ७.१९.२ उघडा. बाइटवाल्या स्ट्रीमवर वाइड फंक्शनं आणि वाइडवाल्यावर बाइटची फंक्शनं चालवायची नाहीत, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. भाचीनं 'आजचे भाव' हे शीर्षक प्रिंटएफनं छापलं, तिथंच स्टँडर्ड आउटपुट (पडद्याकडे जाणारा स्ट्रीम) बाइटचं झालं. पुढचा प्रत्येक डब्ल्यूप्रिंटएफ लिनक्सवर मुकाट उणे एक (चूक झाल्याची खूण) परत देतो आणि काहीच छापत नाही. कंपायलर कुरकुरत नाही, प्रोग्रामही पडत नाही. परत आलेली किंमत तपासायची सवय पहिल्या वर्षाच्या पोरांना कुठून असणार?

आणि उपाय काय, तर एफफ्लश! अहो, बफरमध्ये (छापण्याआधी मजकूर साठतो तिथं) काही गेलंच नाही तर फ्लश काय करणार, डोंबल? एकदा ठरलेलं वळण एफवाइड या वळण ठरवणाऱ्या फंक्शननंही बदलत नाही, त्यासाठी स्ट्रीम एफरीओपननं नव्यानं उघडावा लागतो. एवढ्या भानगडीत पडायचंच कशाला? वाइड स्ट्रिंग (वाइड अक्षरांची माळ) हातात असेल तर साध्या प्रिंटएफला परसेंट-एलएस ही वाइड स्ट्रिंग छापायची खूण द्या, स्ट्रीम बाइटचाच राहतो.

कॅरमध्ये मराठी बसत नाही म्हणे. एका कॅरमध्ये एक अक्षर बसत नाही, हे खरं. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, ते कॅरच्या ॲरेत मजेत बसतात आणि प्रिंटएफ ते जसेच्या तसे टर्मिनलला देतो. भाचीच्या प्रोग्रामला वाइडची गरजच नव्हती.

लोकेल मराठीचंच हवं, हेही खोटं. प्रोग्राम सुरू होतो 'सी' या साध्या, मूळच्या लोकेलमध्ये. सेटलोकेल या फंक्शनला एलसी-ऑल (लोकेलचे सगळे भाग) आणि रिकामी स्ट्रिंग दिली की मशीनवरचं लोकेल लागू होतं. ते इंग्रजी असलं तरी यूटीएफ-८ असलं म्हणजे झालं. उलट मराठी लोकेल मशीनवर बसवलेलंच नसेल तर सेटलोकेल नल (म्हणजे 'जमलं नाही') देतो, आणि डब्ल्यूप्रिंटएफ 'नांदेड'च्या जागी सहा प्रश्नचिन्हं छापतो.

रकान्यांचं तेवढं अर्धं खरं. प्रिंटएफ रुंदी बाइटमध्ये मोजतो. वीसची रुंदी दिली तर 'नांदेड'चे १८ बाइट, मागे २ मोकळ्या जागा. 'बीड'चे ९, मागे ११. तक्ता पार वाकडा. डब्ल्यूप्रिंटएफ अनुक्रमे ६ आणि ३ मोजतो, म्हणून वाकडेपणा कमी होतो, जात नाही. 'नांदेड'मधला अनुस्वार आणि 'दे'ची मात्रा पडद्यावर वेगळी जागा घेत नाहीत, तरी मोजणीत येतात. डब्ल्यूसीविड्थ या फंक्शननं प्रत्येक चिन्हाची रुंदी विचारून मोकळ्या जागा आपणच भरायच्या. तरीही जोडाक्षर तुटकं दिसलं तर ते टर्मिनल आणि फॉन्टचं दुखणं, सीच्या माथी मारू नका.

विंडोजवर मात्र वाइडला अर्थ आहे, हे मान्य. तिथं वाइड कॅरेक्टर १६ बिटांचं (लिनक्सवर ३२), आणि कन्सोलशी थेट बोलणारं राइटकन्सोलडब्ल्यू तेच मागतं. पण तिथंही स्टँडर्ड आउटपुट सेटमोड या फंक्शननं युनिकोडवर नेल्यावर मध्येच साधा प्रिंटएफ घातला, की डीबग बिल्ड (चुका शोधायची आवृत्ती) असर्शनवर (आतल्या तपासणीवर) अडतो.