मोजून गेलेला माणूस

आमच्या शाळेच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या पंधरवड्यात मालवणच्या सागरी अभयारण्यावरून पुन्हा वाद पेटला. विद्यापीठाची माणसे पोवळ्यांची पाहणी करायला येणार आहेत, एवढीच बातमी होती. तिच्यावर मालवणजवळच्या देवबागच्या एका मित्राने लिहिले, "आधी मोजणी, मग बंदी. ह्यांना पाण्यात पाय ठेवू देऊ नका." गटातल्या बहुतेकांनी त्याला दुजोरा दिला. मी ऱ्होड आयलंडमध्ये बसून ते वाचले आणि दिवसभर माझे कशात लक्ष लागले नाही, कारण माझे पोट या मोजणीवरच चालते.

१९८७ साली हे अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा गाभा ३.१८ चौरस किलोमीटर. आम्हाला न विचारता ही रेघ मारली, असे आमच्याकडचे मच्छीमार तेव्हापासून सांगत आले आहेत आणि त्यांचा राग मला समजतो. परंतु रेघ मारणाऱ्याचा राग मोजणाऱ्यावर काढला, तर पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवाल्यांनी आपला समुद्र ओरबाडला हे उद्या सिद्ध कशाने करणार? रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, पूर्वी किती मासळी लागत असे, याचा लेखी हिशेब रापणकाराकडेही नाही.

इथे अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने आणि विद्यापीठे यांची सांगड १९९९ पासून रीतसर घातलेली आहे. देशभरात अशी १७ सहकारी अभ्यास केंद्रे असून उत्तर अटलांटिक किनाऱ्याचे केंद्र आमच्याच विद्यापीठात आहे. या करारांत विद्यापीठ आपला व्यवस्थापन खर्च म्हणून १७.५ टक्केच घेते. एरवीचा दर याच्या दुपटी-तिपटीचा असतो. शिवाय करार संस्थेशी होतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी काढून अभ्यासक आत जातो, आणि बहुधा त्याचा प्रबंध संपला की मोजणीही संपते.

आम्ही दर वर्षी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या राष्ट्रीय उद्यानातल्या खारदलदलीत जातो. पहाटे निघायचे, रूट ६ वर गर्दी होण्याआधी डंकिनची कॉफी घ्यायची आणि ओहोटीची वेळ गाठायची. दलदलीत मी नोकरीला लागण्यापूर्वीच खोल रोवलेला एक धातूचा खांब आहे. चिखल दबू नये म्हणून शेजारी फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकायचे, खांबाला आडवा दांडा बसवायचा, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणायचा आणि दांड्यातल्या नऊ सळया एकेक करून चिखलाला जेमतेम टेकेपर्यंत खाली सोडायच्या. चार दिशांना मिळून ३६ आकडे होतात. दलदल समुद्राच्या बरोबरीने वर चढते आहे की मागे पडते आहे, हे त्या मिलिमीटरांवरून कळते. वहीत माझ्या आधीच्या तिघा-चौघांचे हस्ताक्षर आहे. माणसे बदलली, खांब तोच राहिला. २०२५ च्या फेब्रुवारीत उद्यान सेवेतल्या सुमारे हजार नव्या कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवले, तरी आमची त्या वर्षीची नोंद चुकली नाही, कारण वहीची एक प्रत विद्यापीठात होती.

केप कॉडच्या लोकांनीही सुरुवातीला विरोधच केला होता. १९६१ मध्ये उद्यान झाले ते सहा गावांच्या हद्दीत, आणि म्हणून त्या गावांचे प्रतिनिधी घेऊन सल्लागार समिती नेमण्याची तरतूद कायद्यातच केली गेली. आजही गावाचा परवाना काढून लोक उद्यानाच्या हद्दीत तिसऱ्या काढतात. हे मी गटावर लिहिले, तेव्हा मित्राने विचारले, "तुझ्या अमेरिकेत आमची वस्ती आहे का?" मला राग आला. आपल्याकडे हे जमत नाही असे मी म्हणत नव्हतो. वेळासला कासवाची घरटी गावकरीच राखतात. २०२१ मध्ये ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली, ती तिथे रात्री जागणारे कोणीतरी होते म्हणूनच. रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आपल्याच किनाऱ्यावर आहे. त्याच्या मुलांनी वर्षानुवर्षे त्याच खडकावर, त्याच खाडीत, रापणकारांना सोबत घेऊन नोंद ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.

मात्र मित्राच्या रागाला एक कारण मीच आहे, हे मी गटावर लिहिले नाही. एम.एस्सी.ला असताना मी कर्ली खाडीतल्या कांदळवनाची मोजणी केली होती. दोन हिवाळे काकांनी माझ्यासाठी होडी वल्हवली, कमरेइतक्या चिखलात उभे राहून टेपचे दुसरे टोक धरले, आणि तिवर कुठले, चिपी कुठली हे मला दाखवले. प्रबंध झाला, मला इथे प्रवेश मिळाला. त्या प्रबंधाची प्रत मी गावात कोणालाच दिली नाही. मागच्या खेपेला ओटीवर बसलो असता काकांनी सहज विचारले, "तू मोजून गेलंस, पुढे काय झालां?" मी विषय बदलला. केप कॉडचा एक चिखल मला मिलिमीटरमध्ये पाठ आहे, आणि ज्या खाडीने मला इथवर आणले तिचे मी काही सांगू शकलो नाही.

वाद झाल्यावर मी खोके उपसून त्या वेळच्या वह्या शोधल्या. तीनपैकी दोन सापडल्या. जीपीएस तेव्हा माझ्याजवळ नव्हते, त्यामुळे सगळी अंतरे काकांनी दाखवलेल्या एकाच खुणेपासून लिहिलेली आहेत: "वाकड्या माडापासून ४० मीटर", "वाकड्या माडापासून ११५ मीटर". पानांचे फोटो काढून मी देवबागच्या त्याच मित्राला पाठवले आणि जागा शोधून देशील का, असे विचारले. तो दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन होडीने गेला. तो माड आता तिथे नाही. काठ आत सरकला, त्याबरोबर तोही गेला. नेमका कोणत्या वर्षी, हे काकांना आठवत नाही आणि कुठे लिहिलेलेही नाही.