व्हिएन्नाला निघालात? आधी बडोद्याच्या रावपुऱ्यात जाऊन या

विश्वामित्रीच्या पुराचा अभ्यास बडोद्यात बसून होतो, हा गैरसमज आधी काढून टाका. नदी घरामागे वाहत असेल, 2024च्या ऑगस्टमध्ये ती तुमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसली असेल, पण तिच्याविषयी बोलायचं ते डॅन्यूबच्या काठी, व्हिएन्नात. युरोपियन जिओसायन्सेस युनियनची, म्हणजे भूविज्ञानाच्या अभ्यासकांच्या संघटनेची, सभा दरवर्षी तिथे भरते. हजारो माणसं जमतात, त्यात आपण नसून कसं चालेल?

गोषवारा जानेवारीत पाठवायचा. निष्कर्ष तोवर निघालेले नसतात, पण ‘लक्षणीय’ हा शब्द घालून ठेवा; निष्कर्ष मागून येतात बिचारे.

मग व्हिसा. फी 90 युरो, 30,000 युरोंचा विमा, शिवाय तुम्ही परत येणार याचा पुरावा. दांडिया बाजारातलं वडिलोपार्जित घर, तेही भावाभावांत दावा चालू असलेलं, यापरता पुरावा नाही. असं घर सोडून कोण जातो? फक्त अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामांना खात्यात दोन लाख भरायला सांगू नका. मी सांगितलं होतं. अर्ज घेणाऱ्या बाईंनी खातेउताऱ्यातली ती एकच ओळ पिवळ्या मार्करनं रंगवली आणि माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला माझे संशोधनातले गाइड आठवले.

मग पोस्टर, म्हणजे सभेत आपलं संशोधन मांडायचा तक्ता. तो ए-झिरो आकाराचा, 841 बाय 1189 मिलिमीटर. पोस्टर रावपुऱ्यात गणपतीचे बॅनर करणाऱ्याकडेच छापा. तो सवयीनं विचारतो, “साहेब, फोटो कोनो मूकुं?” कुणाचाच नको म्हटलं की हिरमुसतो. “मग खाली शुभेच्छुक तरी?” तिथे सहलेखकांची नावं घाला. तसाही त्यांचा वाटा तेवढाच असतो.

शेजारच्या काकू पेढे देतील. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, हे त्यांना समजावत बसू नका. डबा घ्या, पाया पडा, अहमदाबादच्या वाटेवर संपवा.

व्हिएन्नात पोस्टरपाशी गर्दी होईल, पण समीकरणांसाठी नव्हे. मी कोपऱ्यात चार बोटांएवढा एक फोटो टाकला होता: पूर ओसरल्यावर गल्लीत निघालेली मगर. जो येई तो तिथेच वाकून बघे. “खरंच रस्त्यावर येतात?” दीड तासात पाण्याच्या पातळीबद्दल प्रश्न आला एक, आणि तो विचारला आमच्याच विद्यापीठातल्या, शेजारच्या विभागातल्या सरांनी. दोन विभागांत भिंत एक. ओळख व्हायला व्हिएन्ना लागलं. तेव्हा मगर मोठी घ्या, नदी बारीक केली तरी चालेल.

परत आल्यावर पोस्टर विभागात लावायची पद्धत आहे. पण मे महिना, घरात कुरडयांचा घाट. आईनं पोस्टरची लांबीरुंदी नजरेनंच मोजली आणि गच्चीवर उलटं अंथरलं, चार कोपऱ्यांवर चार विटा. म्हणून सांगतो, कागदावर छापू नका, फ्लेक्सच घ्या. कागदाला चीक चिकटतो.