मृत्यूदेव खवळलाय? मग आधी व्हिलनला चहा सांगा

समजा उद्या सकाळी सकाळी एखादा खवळलेला मृत्यूदेव राणी चन्नम्मा सर्कलला उतरला आणि म्हणाला की आता एकेकाचा हिशोब चुकता करतो, तर तुम्ही घाबरायचं काय कारण नाही. कॉमिकवाल्यांनी नि पिक्चरवाल्यांनी याच्यावरचा उपाय कधीच काढून ठेवलाय. सगळे सुपरहिरो गोळा करायचे, ते कमी पडले की काल ज्याला धोपटला त्या व्हिलनला पण बोलवायचं, आणि सगळ्यांनी मिळून देवावर तुटून पडायचं. सोपं आहे. फक्त हे आपल्या बेळगावात करायचं म्हटल्यावर चार गोष्टी तुमच्या कानावर घातलेल्या बऱ्या.

एक म्हणजे देव का चिडलाय ते चुकूनसुद्धा विचारू नका. विचारलं की भानगड मिटायची भीती असते, आणि भानगड मिटली तर एवढ्या सुपरहिरोंनी करायचं काय? थॉरच्या 2017 च्या पिक्चरमधली हेला बघा की. नावाला मृत्यूची देवी, पण आतनं बघायला गेलं तर सरळ सरळ वाटणीचा दावा. देवांचा राजा ओडिन, त्याची ही थोरली पोरगी, बाप राज्यं जिंकत सुटला होता तेव्हा हीच सगळ्यात पुढं, आणि पुढं बापाला शांततेचा पुळका आल्यावर हिला कोंडून घातलं ते घातलं, वर राजवाड्याच्या छतावरच्या चित्रातनं पण हिचा पत्ता कट करून वरनं नवीन सोज्वळ चित्र काढून घेतलं. बाप गेल्यावर पोरगी हक्क मागायला आली तर थॉर नि लोकी, दोघं भाऊ म्हणतात ही कोण? आपल्याकडं मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत भावाइतका हिस्सा द्यायची कायद्यातली दुरुस्ती 2005 ला झाली, ओडिनच्या असगार्ड नावाच्या देवनगरीत तलाठी नसल्यामुळं ती तिथंपर्यंत पोचली नसावी. उताऱ्यावर तिचं नाव चढवलं असतं तर पिक्चर पंधरा मिनिटात संपला असता, पण मग तिकिटाचे पैसे कोण देणार होतं.

दुसरं, देव निवडताना आपला यम घेऊ नका. फार सज्जन माणूस. नचिकेत दारात आला तेव्हा यम घरी नव्हता, पोरगं तीन रात्री उपाशी बसलं, तर परत आल्यावर यमानं वाट बघायला लावल्याबद्दल रात्रीमागं एक असे तीन वर दिले. अर्ज हातात धरून लोकांना तीन दिवस बाकावर बसवल्याबद्दल भरपाई देणारा अधिकारी बेळगाव जिल्ह्यात कुणी बघितला असेल तर कळवा, आम्ही त्याचा जाहीर सत्कार करू. पुढं मांडव्य ऋषींनी याच यमाला शाप दिला, का तर लहानपणी किड्यांना टोचलेल्या काडीची शिक्षा म्हणून मोठेपणी सुळावर चढवलं म्हणून. बिचारा निमूटपणे विदुर होऊन जन्माला आला. असल्या देवाशी सुपरहिरो लढायला लागले तर लोक देवाच्या बाजूनं उभारतील. तुम्हाला पाहिजे तो डूख धरणारा, बाहेरनंच मागवा.

आता मुद्द्याचं, व्हिलन. माझं प्रामाणिक मत विचाराल तर सगळ्या युतीत हाच एक कामाचा गडी असतो. मीटिंगला वेळेवर येतो, कशासाठी आलोय ते तोंडावर सांगतो, आणि आपण चांगले आहोत हे सिद्ध करायची त्याला घाई नसते. डीसीच्या कॉमिकमध्ये 2009-10 ला नेक्रॉन नावाचा मृत्यूचा स्वामी मेलेल्यांना उठवून जगावर सोडतो, तेव्हा रंगीत अंगठ्या वाटून हिरोंची जी फौज उभी केली त्यात सुपरमॅनचा वैरी लेक्स लूथरला पण घेतलं होतं. त्याला अंगठी कुठली दिली? हावरटपणाची! केशरी. मग त्यानं काय केलं असेल, दुसऱ्यांच्या अंगठ्यांवर हात टाकायला गेला. यात लूथरचं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. हावरटपणाचं खातं द्यायचं आणि परत म्हणायचं, "हे बघा, काय करूलालाय बघा हा!"

आणि व्हिलनला सोबत घेण्यात कमीपणा काय मानू नका, आपल्या देवांनी पण तेच केलंय. दुर्वासांच्या शापानं देव दुबळे झाले तेव्हा विष्णूनंच सल्ला दिला की काम होईपर्यंत असुरांशी तह करा, अमृत काढा म्हणजे मरणाची कटकटच मिटली. झाली युती. पण मंथन सुरू व्हायच्या आधी वाद कशावरनं? तर वासुकीचं तोंड कुणी धरायचं आणि शेपूट कुणी. देवांनी आधी तोंडाकडची बाजू धरली, तर असुर म्हणाले आम्ही काय कमी हाय काय, शेपूट आम्ही धरणार नाही. देव गुमान मागं गेले. मग वासुकीच्या तोंडातनं धूर नि ज्वाळा निघाल्या त्या कुणी खाल्ल्या हे सांगायला नको. मान मिळाला की हो.

हे वाचून तुम्हाला आपल्या मीटिंगा आठवत असतील तर तो योगायोग समजा. सीमाभागात युती कशी करायची हे आपल्याला सुपरहिरोंनी शिकवायची गरज नाही. 1956 ला बेळगाव तिकडच्या राज्यात गेलं, तेव्हापासनं महाराष्ट्रात जायचं म्हणून आपण एकी करतोय, दर इलेक्शनच्या तोंडावर नव्यानं करतोय, आणि 2018 च्या विधानसभेला तर एवढी जोरदार एकी झाली की आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकपण माणूस निवडून आला नाही. म्हणून मृत्यूदेवाच्या विरोधातली पहिली बैठक घेताना अजेंड्यावर देव ठेवू नका, त्यानं वेळ वाया जातो. आधी अध्यक्ष कोण ते ठरवा. मग उपाध्यक्ष, ते अकरा असले तरी चालतंय. मग फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा. बॅटमॅनचा चेहरा अर्धा झाकलेला असतो म्हणून त्याचा फोटो लहान घेतला तर त्याचा गट फुटणार आणि संध्याकाळपर्यंत खऱ्या बॅटमॅनवाल्यांची वेगळी बैठक शहापुरात लागणार. गल्लीतला एखादा जाणता माणूस मागनं विचारेल, "काय गा, देवाचं काय झालं?" त्याला सांगा, "थांबा की मामा, आधी घरातलं मिटू दे."

फ्लेक्सच्या भाषेचं मी काय बोलत नाही. मराठीत लावला तर देव लांब राहिला, आधी फ्लेक्सच खाली उतरेल.

बाहेरच्या सुपरहिरोंना निरोप देताना एक सांगून ठेवा, मुंबईकडनं येणार असाल तर कर्नाटकच्या हद्दीवर कोगनोळी नाक्यावर अडवतील. आम्ही उडून येतो म्हणाले तरी उपयोग नाही, जिल्हाबंदीचा आदेश हवेतनं येणाऱ्याला पण लागू करता येतो, वातावरण तापलं की तेवढं सहज निघतंय. एसटीनं यायचं म्हटलं तर ती निपाणीच्या अलीकडंच थांबेल, आणि काचेला काळं फासलेलं असलं तर त्याच्यात सुपरपॉवरचा काय संबंध नाही. आता खुद्द मृत्यूदेवाचा दूत नेमका कुठल्या राज्याचा यायला पाहिजे हा पण प्रश्न आहेच, पण सीमेबद्दलचा महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासनं पडून आहे, तोवर स्टे मागायला काय हरकत नाही. खरं सांगू का, मरण पुढं ढकलायचा यापेक्षा भरवशाचा उपाय मला तर कुठल्या पुराणात दिसला नाही.

हेडक्वार्टरची चिंता करू नका. हलग्याजवळ हायवेला लागून कर्नाटक सरकारचं सुवर्ण विधानसौध 2012 ला बांधून तयार झालंय, हिवाळी अधिवेशनाचे दहा-बारा दिवस सोडले तर एवढा मोठा राजवाडा मोकळाच म्हणायचा. व्हिलनला असली जागा बघताक्षणी पसंत पडते. लांब जिने, उंच खांब, आत माणूस नाही. हिरोंना तिथं करमणार नाही, त्यांची सोय गावात करा आणि सकाळी आपली बेळगावची मिठाई, कुंदा द्या, पण एकालाच पावशेर जास्त देऊ नका, परत गट पडतील.

लढाई कशी होईल ते मी सांगत नाही, ती सगळीकडं सारखीच असते, निळा उजेड, पडणाऱ्या बिल्डिंगी आणि शेवटी कुणीतरी ओरडतं. लक्ष द्यायचं ते जिंकल्यावर काय होतं तिकडं. थॉरवाल्यांनी हेलाला हरवायला सर्टर नावाच्या दुसऱ्या राक्षसाला उठवलं, त्यानं हेलासकट अख्खं असगार्ड जाळून टाकलं, आणि हिरो लोक जहाजात बसून निघाले. देव गेला, गाव पण गेलं. कुठल्या राज्यात जायचं हा वाद मिटवायची ही पण एक पद्धत आहे, पण आपल्याकडं कुणी सुचवू नका, एखादा कमिशन नेमायचा.

आणि अमृत निघालंच तर वाटपाचं आधी स्टॅम्पपेपरवर घ्या. असुरांनी तोंडी विश्वास ठेवला, मोहिनी आली, पंगत बसली, आणि असुरांच्या रांगेपर्यंत भांडं आलंच नाही. एकटा राहू हुशार, देवांच्या पंगतीत जाऊन बसला, तर सूर्य-चंद्रानं चुगली करून त्याचं मुंडकं उडवायला लावलं. तो अजून ग्रहणात हिशोब मागतोय. व्हिलन म्हणून तुम्ही ज्याला बोलवाल त्यानं ही गोष्ट वाचलेली असते, हिरोंनी नसते. म्हणून तो सहीशिवाय रिंगणात उतरत नाही.

विजयाची मिरवणूक मात्र परवानगीशिवाय काढू नका. काढलीच तर दुसऱ्या दिवशी केसेस पडतील, बेकायदा जमाव, रस्ता अडवला, कोर्टाच्या तारखा पुढं दहा वर्षं. हिरोंकडं अशा वेळी फक्त केप असतो. व्हिलनकडं वकील असतो, चांगला असतो, त्याचा नंबर चहा पितानाच मागून घ्या.