पदवीला एकच ओळ का?

अमेरिकन फुटबॉलपटू ख्रिस बोरलंडवरचा तुमचा लेख आवडला, पण त्याच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या इतिहासाच्या पदवीला एकच ओळ मिळाली, याचं वाईट वाटलं. लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, म्हणून तो किती मोठा होता, हे लेखात आलंच आहे: 2009 मध्ये बिग टेन या विद्यापीठ संघांच्या गटाचा सर्वोत्तम नवोदित, मग खांद्याच्या दुखापतीत जवळजवळ पूर्ण हंगाम गेला, तरी 2013 मध्ये सर्वोत्तम बचाव खेळाडू. आणि उंची जेमतेम 5 फूट 11 इंच!

मला मात्र त्याचा मार्च 2015 मधला निर्णय अभ्यासू मुलाचा वाटतो. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या व्यावसायिक संघाकडून पहिल्याच हंगामात शंभरावर टॅकल्स (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडणं), पुढे कोट्यवधी डॉलर्स दिसत होते. सरावात डोक्याला मार बसला, तेव्हा त्याने मेंदूच्या इजांवरचं संशोधन वाचून काढलं, तज्ज्ञांशी बोलला आणि चोविसाव्या वर्षी खेळ सोडला. करार करताना मिळालेल्या बोनसचा बराचसा भागही परत केला. पुरावे गोळा करायचे, तपासायचे, मग ठरवायचं, हेच तर इतिहासाचा विद्यार्थी शिकतो ना?

आम्ही ओहायोत राहतो, तोही इथल्याच केटरिंगचा. माझा मुलगा शाळेच्या संघात लाइनबॅकर आहे. काल रात्री त्याला तुमचा लेख वाचून दाखवला. पुढच्या लेखात बोरलंडच्या वर्गातल्या दिवसांबद्दल जरूर लिहा, आम्ही दोघं वाट पाहतोय.