चढणीचा मासाही प्रवासीच की!

स्थलांतरावरच्या तुमच्या लेखात सायबेरियाहून येणाऱ्या पक्ष्यांबद्दल छान लिहिलंय. पण स्थलांतर म्हणजे हजारो किलोमीटरच, हे काही पटलं नाही बघा. आमच्याकडं कोल्हापुरात भोगावती नदीकाठी मृगाचे दोन-तीन दणकून पाऊस झाले, ओढ्याला गढूळ पाणी आलं की मासे धारेच्या उलट चढायला लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून थेट भाताच्या खाचरात. अंतर ते केवढं! बांधावरून पडणाऱ्या वीतभर धारेवर गाभोळीनं पोट फुगलेला मासा उडी मारतो, आपटतो, परत मारतो. खाचरातलं पाणी उथळ, कोमट. पिल्लांना खायला भरपूर आणि मोठ्या माशांची भीती कमी, म्हणून हा खटाटोप. नेमकं तिथंच आपण जाळं लावून बसतो. (लहानपणी मीही बसलोय, खोटं कशाला बोलू.)

गव्यांचंही तसंच. उन्हाळ्यात दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात गवत वाळतं, पाणवठे आटतात, की कळप खाली उतरतात. वाटेत हिरवागार ऊस लागला तर मग गवा लगेच कशाला माघारी जातोय? पेपरात मात्र छापून येतं, 'गवा भरकटला'. भरकटला कुठला, चाऱ्यापाण्याच्या हिशेबानंच आलाय की तो!